उत्तरेकडच्या खांबावरचा कॉलिन

"याला कुणी काही लावतं का हो?" शिडीवरच्या बाईने दगडी चेहरा चाचपत विचारलं. चर्चचे दगड तपासायला ती शहरातून आली होती.

"मीच पुसते ना, दर शनिवारी," खाली शिडी धरून उभी असलेली म्युरिएल टॅन्सली म्हणाली. "पितळेला वापरते तेच. व्हिनेगर आणि गरम पाणी."

मी बाजूला फुलं लावत होते. बाई शिडीवरून उतरली.

आमच्या चर्चच्या कमानींखाली जुनी दगडी मुंडकी आहेत. कुणा गवंड्याने त्या काळी गावातलेच चेहरे कोरले म्हणतात, आणि ज्याला त्याला त्यात आपलं माणूस सापडतं. माझ्या सासूला तिचा खाष्ट बाप सापडला होता. म्युरिएलचा मुलगा कॉलिन मोटरसायकलवरून पडून वारला, त्या वर्षी तिला या खांबावर तो सापडला. डाव्या गालातलं अगदी तेच हसू. कॅमेरा दिसला की तो तोंड फिरवायचा, त्यामुळे हसरा फोटो घरात एकही नाही.

"हा चुनखडीचा दगड आहे," बाई म्हणाली. "व्हिनेगर त्याला खातं."

"पण मी हलक्या हाताने पुसते."

"हो. म्हणून तर इतकी वर्षं टिकला."

म्युरिएलने चष्मा पुसून वर पाहिलं. मीही पाहिलं. नाकाच्या जागी गोळा होता आणि त्याखाली वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत दगड. इतकी वर्षं आम्ही दोघी तिथे काय बघत होतो, देव जाणे.

"पुन्हा कोरता येईल का?"

"येईल. पण तो दुसराच कुणीतरी होईल."

आईने लेकराचं तोंड पुसलं, यात तिचं काय चुकलं? मला फार राग आला, पण कुणावर काढणार?

मी म्युरिएलला घरी सोडायला गेले. तिचा नवरा विल्फ अर्धांगाने खाटेला खिळलेला. चर्चला यायचं त्याचं कधीच सुटलं.

"काय म्हणतंय पोरगं?" त्याने विचारलं. खांबावरच्या कॉलिनबद्दल दर शनिवारी विचारतो म्हणे.

"मजेत आहे."

"सांग की."

म्युरिएल कोट न काढताच खुर्चीत बसली आणि सांगू लागली. दाट भुवया, किंचित वाकडं नाक. मग ती थांबली. पुढचं तिला आठवेना.

"आणि हसतंय ना?"

"हसतंय की," ती म्हणाली. "डाव्या गालात."