भाकरीवर घेतलेला आळ

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. चुडाव्याच्या नागनाथ सुतारानं लिंबाच्या एकाच खोडातून मला कोरली. सगुणाबाईनं माझ्यात ज्वारीचं पीठ मळायचं आणि ती भाकर खाऊन तिच्या नवऱ्यानं, आश्रुबानं, रेल्वेच्या रुळावर हातोडा मारायचा, असं आमचं चाललं होतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली आश्रुबा मुकादम झाला. हातोडा सुटला, चहा वाढला, पोट पुढं आलं. पूर्णा जंक्शनच्या डॉक्टरांनी बजावलं, "पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरव. नाहीतर तुला रुळावरून काढून बैठं काम देतो." आश्रुबाचा सगळा जीव त्या रुळात. तो हबकलाच.

मग आला सगुणाबाईचा भाऊ, दत्तराव. परभणीला कारकून. "दाजी, भाकर बंद करा. ज्वारीच अंगावर चढायलीय तुमच्या. उपास धरा."

झालं! मला पालथी घालून कोपऱ्यात टाकलं. माझ्यावर कोंबडी बसू लागली. मला काय वाटेल ते बोला, पण ज्वारीला चोर ठरवलं, याचा संताप मला आजही येतो.

आश्रुबानं सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवारही धरला. उपास म्हणजे काय? ताटभर साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वर गोड चहा. साबुदाण्याची पोटात झटक्यात साखर होते, आणि ती ओसरली की भूक पुन्हा दारात हजर. ऊन चढायच्या आत आश्रुबा डबे धुंडाळायचा. स्टेशनवर माल तोलायच्या काट्यावर उभा राहिला, तर वजन आणखीच वाढलेलं. हमाल खिदळले, "मुकादम, पार्सलची चिठ्ठी चिकटवू का?"

त्या दिवशी घरी येताच तो पुन्हा खिचडीपुढंच बसला. सगुणाबाईनं खिचडीची परात बाजूला सारली.

"अवं, उपास देवासाठी असंल तर देवाचा करा. पोट उतरवायला उपास, अन् ताटात साबुदान्याचा डोंगर! भाकर खायचा तवा दुपारपतूर भुकेचं नाव तरी काढलं होतं का?"

तिनं कोंबडी हाकलली आणि मला घासून धुतलं.

आता खोटं कशाला सांगू? चळतच्या चळत हाणली तर भाकरही अंगाला लागते. सगुणाबाईनं चळत बंद केली. दोन भाकरी, पण जोडीला घट्ट वरण, अंबाडीची भाजी, कांदा. चहातली साखर तोडली. आश्रुबा रुळालगत पायी पाहणी करू लागला. भूक वेळेवर येऊ लागली, दिवसभर मागं लागेना.

तपासणीहून आला तो थेट चुलीपाशी. "सगुणे, रूळ आपलाच हाय!"

पुढं एका एकादशीला दत्तराव आला, स्वतःचं पोट सावरत. "आक्का, साबुदाणा भिजवलास ना?"

सगुणाबाईनं मला त्याच्यापुढं सरकवलं. "न्हाई भिजवला. देवाचा उपास असंल तर पानी पी. भूक लागली असंल तर पीठ मळ."

दत्तराव आधी देवाकडं बघू लागला, मग पिठाकडं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. लाकूडच मी, एक दिवस चुलीत जाईन. पण भाकरीवर आळ घेण्याआधी आपलं ताट नीट बघा. आणि दत्तरावाचं विचाराल, तर त्याची पहिली भाकर थापताना फाटली. पण त्यानं बाह्या वर सारल्या होत्या.