दुसऱ्या गिटारीचे पैसे

आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं, त्यानंतर जो आधी बोलेल तो हरला. एलादिओ हे आपल्या धाकट्या बहिणीला वर्षानुवर्षं सांगत आला, पण रेग्लानं ते कधी मनावर घेतलं नाही. आकडा सांगायला तो होताच की.

सानलुकार गावात लग्न निघालं, बारसं निघालं, कुणाच्या घरी पन्नाशी निघाली की माणसं या भावंडांच्या दारात यायची. एलादिओ हात पुसत बाहेर येई. कुठं बसवणार, उन्हात की सावलीत, किती वेळ, जेवण आहे का, एवढं विचारून तो म्हणे, "चारशे युरो," आणि मग बसची वाट पाहत असल्यासारखा रस्त्याकडे बघत उभा राही. आत गिटारीच्या तारा बदलत बसलेल्या रेग्लाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इतके कसे मागतो हा, असं तिला दर वेळी वाटे, आणि दर वेळी बाहेरून आवाज येई, "बरं, चारशे."

दोन हिवाळ्यांपूर्वी तो मासळीबाजारात गेला. कोळंबीचा भाव करता करता छातीवर हात ठेवून खाली बसला आणि संपला. गावात अजून सांगतात, शेवटचा आकडा त्यानं सांगितला होता आणि मासेवाली अजून बोलली नव्हती. म्हणजे एलादिओ हरला नाही. असल्या गोष्टी सांगून गाव हसतं. ज्याचं माणूस जातं त्याला त्या गोष्टीचं काय करायचं ते कळत नाही. रेग्लानं त्या वर्षी कोळंबी घरात आणली नाही.

मग शेजारच्या चिपिओना गावाहून एका बाईचा फोन आला. बारसं होतं, बाळाची धर्ममाता बोलत होती. एकटीचे किती घेणार, असं तिनं विचारलं. रेग्लानं शाळेतल्या पोरासारखा हिशेब केला: दोघांचे चारशे, तर एकीचे दोनशे. बाई इतक्या झटकन "चालेल, चालेल" म्हणाली की दुसऱ्या कुणालाही आपण काय करून बसलो ते कळलं असतं. रेग्लाला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

खरी भीती वाजवण्याची होती. त्यांच्या जोडीत सुरावट एलादिओची आणि खालची बाजू रेग्लाची, म्हणजे ठेका, खर्ज, स्वरांचे ठोके. पाया तिचा, घर त्याचं. बारशाच्या अंगणात ती बसली आणि हातांना जे येत होतं तेच वाजवू लागली, फक्त आपली बाजू. लोक आता पाव फेकून मारतील, असं मनात आलं. तेवढ्यात डाव्या हाताला, थोडं मागून, वरची तार वाजली.

एलादिओचं उजव्या हाताचं एक नख नेहमी तुटायचं. तो ते डिंकानं चिकटवून घासून घ्यायचा, त्यामुळे त्याचा वरचा स्वर किंचित खरखरीत यायचा. ती खरखर रेग्लानं झोपेतही ओळखली असती. तिनं मान वळवली नाही. घाबरली का? घाबरायचं ते परक्याला. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं आणि पाहुण्यांना वाटलं, बाईचा जीव आहे हो वाजवण्यात.

वाजवणं संपल्यावर स्वयंपाकघरातला वाढपी चण्याच्या रश्श्याची दोन ताटं घेऊन आला. तो सगळा वेळ आतच होता, त्यानं फक्त ऐकलं होतं. दुसरे कुठं गेले, असं त्यानं विचारलं. सिगारेट ओढायला, असं रेग्ला म्हणाली, आणि टाकवेना म्हणून दोन्ही ताटं तिनं संपवली.

तेव्हापासून तिचा भाव दोनशेच राहिला. राहिलेले दोनशे एलादिओचे. ते आपण कसे मागायचे आणि मागितले तर त्याला पोचवायचे कुठं? घरी तो येत नसे. घरी तिनं कितीही तारा छेडल्या तरी तिच्या बाजूच्या वर रिकामी हवा असे. लोक बसलेले असले, पैसे ठरलेले असले, की मग तो यायचा. म्हणून ती कुणालाच नाही म्हणेना. पैशासाठी वाजवणाऱ्याला भाव कळतो. रेग्ला भाऊ भेटावा म्हणून वाजवत होती आणि भाऊ भेटण्यासाठी तिनं फुकटही वाजवलं असतं.

लोकांना काय, ते खूश होते. दोनशेत दोन गिटारी! फोन वाढले. टेकडीवरच्या जुन्या मठाचं हॉटेल झालं होतं, तिथल्या कार्यक्रमांची व्यवस्था बघणाऱ्या इन्मा नावाच्या मुलीनं दर रविवारी दुपारी हॉटेलच्या आतल्या चौकात वाजवायला बोलावलं, दोनशेत, अख्खा हंगामभर. आजवर तिथं कोण बसत होतं, हे रेग्लानं विचारलं नाही. माहीत असलेलं कोण विचारतं?

तिथं बार्तोलो काका बसायचे. एलादिओचा दोस्त, वय सत्तरीच्या पुढं, अंगावर उन्हाळ्यातही कोट. तीन रविवार झाले आणि सोमवारी सकाळी ते रेग्लाच्या दारात उभे राहिले. तिनं कॉफी टाकली. ते बसले नाहीत.

"माझ्या पोटावर पाय दिलास, ते सोड," ते म्हणाले. "म्हातारा आहे, दोन घास कमी खाईन. पण एकट्यानं वाजवायला तीनशेच्या खाली कुणी बसायचं नाही, हे या गावात कुणी ठरवलं, ठाऊक आहे?"

रेग्लाला ठाऊक होतं. गावच्या चौकातल्या बारमध्ये, फिक्या वाइनच्या एका बाटलीवर, एलादिओ आणि काकांनी मिळून ठरवलं होतं आणि गावातल्या प्रत्येक वाजवणाऱ्यानं ते पाळलं होतं. तिनं चाचरत सांगितलं की दोघांचे चारशे होते, म्हणून एकीचे दोनशे.

"अगं, तू गिटार वाजवतेस की बटाटे विकतेस?" काका म्हणाले. "दोघं असतात तेव्हा एक चुकला तर दुसरा सावरतो. एकट्याला ठेका धरायचा, खर्ज धरायचा, सुरावट वाजवायची, आणि लोक जेवताना चमचे आपटतात तेही सोसायचं. एकट्याचं काम अर्धं नसतं, दुप्पट असतं."

"मी एकटी वाजवत नाही, काका."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काका हसतील, नाहीतर छातीवर क्रॉस काढतील, असं तिला वाटलं. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. कोटाची बटणं लावली आणि काढली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "काल हॉटेलच्या भिंतीबाहेर उभा होतो. म्हटलं, बघू तरी दोनशेत ही बया काय देते. नखाची ती खरखर मी उभ्या जन्मात विसरायचो नाही. भिंतीला धरून खाली बसलो मी, रेग्ला."

रेग्लाला रडू फुटलं. म्हणजे खरं होतं ते. आपल्याला वेड लागलेलं नाही याचा आनंद झाला आणि त्या आनंदाचीच लाज वाटली. तो येतो ना, मग येऊ दे की, असं ती म्हणाली. त्यात कुणाचं काय बिघडतं?

"त्याचं बिघडतं," काका म्हणाले. "तू नीट ऐकत नाहीस. भेटल्याच्या आनंदात ऐकत नाहीस. तो मागं पडतोय. शेवटच्या दोन चिजांत तर त्याला वळणं जमेनात, तूच लय ओढून धरत होतीस. जिवंत होता तेव्हा चारशेशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नव्हता तो. आणि तू मेलेल्या माणसाला फुकट राबवतेस, त्याच्या जिवावर स्वस्त होतेस आणि आमची पोटं मारतेस."

कॉफी उतू गेली. काकांनीच पुढं होऊन शेगडी बंद केली.

"मग मी काय करू?"

"त्याची बाजू शीक. दोघांचं काम एकटी कर आणि दोघांचे पैसे माग. चारशे. माझ्याहून जास्त. तुझा हात माझ्याहून चांगला आहे, यात मला लपवायचं काही नाही."

"मी दोन्ही बाजू वाजवल्या, तर त्याला यायला जागा कुठं राहणार?"

काका दाराकडे वळले. जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं, घरात कुणी आजारी असावं तसं.

पुढच्या रविवारी रेग्लानं ऐकलं. पहिल्यांदाच भाऊ म्हणून न ऐकता गिटार म्हणून ऐकलं. हॉटेलच्या चौकात ऊन होतं, लोक मासे खात होते, आणि तिची डावी बाजू खांद्यापासून कोपरापर्यंत गार पडली होती. काका बोलले त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता. खरखर बारीक झाली होती, नख पार मुळाशी झिजावं तशी. स्वर ठोक्याच्या मागं येत होते. एका ठिकाणी तो थांबला, आणि तिला श्वास ऐकू आला, जिना चढून आलेल्या माणसाचा. तरीही तिनं वाजवत होती ती चीज संपवली नाही. पुन्हा सुरुवातीला नेली, अजून एक फेरी मिळावी म्हणून. तो आला, धडपडत आला. त्या दुपारी तिला स्वतःची जितकी शिसारी आली तितकी पूर्वी कधी आली नव्हती.

घरी येऊन तिनं त्याची बाजू शिकायला घेतली. येत नव्हती असं नाही, आयुष्यभर कानावर पडलेली. पण हातांना ती चोरी वाटे. अंगठ्यानं आपला खर्ज धरायचा आणि त्याच वेळी बोटांनी त्याची सुरावट. बोटं अडखळत, मग ती रडे, मग पुन्हा बसे. इन्माला फोन करून तिनं सांगितलं की इथून पुढं चारशे. आणि तोंड मिटलं. फोनवरच्या त्या शांततेत "बरं, तीनशे पण चालतील" हे शब्द तिच्या दातांपर्यंत येऊन गेले. शेवटी इन्माच बोलली: एवढ्या पैशात तर आम्ही बार्तोलोंना परत बोलावू. बोलवा, असं रेग्ला म्हणाली. रविवारचं काम गेलं, आणि बरं वाटण्याऐवजी तिला भयंकर एकटं वाटलं.

मग बरेच दिवस फोन वाजलाच नाही. भाव चढला की असंच होतं. स्वस्ताईला आलेली माणसं सगळ्यात आधी जातात. मे महिन्यात मात्र एक द्राक्षमळेवाला दारात आला. मुलीचं लग्न होतं, मळ्यावरच्या घरी, दुपारचं जेवण. रेग्ला हात पुसत बाहेर आली. उन्हात की सावलीत, किती वेळ, जेवण आहे का, एवढं तिनं विचारलं आणि म्हणाली, "चारशे."

"पण तुम्ही एकट्याच ना?"

"एकटीच."

तो टोपी फिरवत राहिला. ती रस्त्याकडे बघत राहिली. 

"बरं," तो म्हणाला. "चारशे."

लग्नात तिनं वाजवलं. सगळं वाजवलं. ठेका तिचा, खर्ज तिचा, सुरावटही तिची, आणि ती सुरावट स्वच्छ होती. खरखरीचा मागमूस नव्हता. डावा खांदा उन्हानं तापला होता. लोक जेवता जेवता थांबून ऐकत होते. इतकं चांगलं तिनं कधीच वाजवलं नव्हतं हे तिलाही कळत होतं, आणि आपण भावाला दुसऱ्यांदा आणि या वेळी स्वतःच्या हातांनी पुरतोय असं तिला वाटत होतं.

शेवटची चीज अशी होती की मध्यावर खालची बाजू थांबते आणि सुरावट एकटी पुढं निघते. जोडीत वाजवताना रेग्ला तिथं हात तारांवर ठेवून गप्प बसायची आणि एलादिओ पुढं व्हायचा. आता तिनंच पुढं जायचं, असं घरी पक्कं केलं होतं. पण त्या जागी येताच तिचा हात थांबला. एकदाच, असं ती मनात म्हणाली. दमला नसशील तर. एक स्वर.

वेलींतून वारा गेला. कुणीतरी ताट सरकवलं. तिनं श्वास धरून ठेवला आणि डाव्या बाजूला वाट पाहिली, जितकी पाहवली तितकी.

लोकांना वाटलं, संपलं. आधी नवरीच्या बापानं टाळी वाजवली, मग सगळं अंगण टाळ्यांनी भरून गेलं. चीज अर्धी राहिली होती, हे तिथं एकाच माणसाला ठाऊक होतं. रेग्लानं गिटार मांडीवर आडवी केली आणि लोकांना तसं वाटू दिलं.