आधी उजेड, मग आवाज

“आधी उजेड, मग आवाज. उजेडाला हात जोडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही,” आई म्हणायची. लहानपणी उठल्या उठल्या मी भावाशी भांडायला बसायची, त्यावरचा हा तिचा उपाय. पुढे ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचा हात धरून मी शब्द दिला, की हे कधी मोडणार नाही. त्याला अठरा वर्षं झाली. पहाटे उठते, आंघोळ करते, देवापुढे दिवा लावते आणि मगच पहिला शब्द बोलते.

लग्नाला वीस दिवस उरले होते आणि होणाऱ्या नवऱ्याला हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान. माणूस लाखात एक, पण गिऱ्हाइकाचा नंबर काढता काढता त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतील. मी जिच्याकडे राहते त्या आत्याने पहिल्याच भेटीत त्यांचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं.

मधुचंद्राचं बुकिंग करायला आम्ही निघालो, तर आत्याही चपला घालून तयार.

“आत्या, तू कशाला?”

“तू नुसती मान डोलावशील आणि हा तुला वाळवंटात नेईल, म्हणून.”

पण त्यांनी जागा माझ्याच मनातली काढली होती. समुद्राला लागून घनदाट जंगल, झाडावर लाकडी खोली, चार दिवस पाखरं बघायची. फोटो बघून मला हसूच आलं. तेवढ्यात बुकिंगवाल्या बाई म्हणाल्या, “एकच नियम. छपरं झावळ्यांची आहेत. खोलीत साधी काडीसुद्धा पेटवायची नाही.”

दिवा नाही तर शब्द नाही. एक तर चार दिवस मुकी नवरी, नाही तर आईला दिलेला शब्द मोडायचा.

“दुसरीकडे गेलो तर?” मी पुटपुटले.

“का गं? आत्ता तर हसत होतीस!” ते म्हणाले.

मग सगळं सांगून टाकलं. ते गप्प बसले. आत्याने चक्क घड्याळात पाहिलं.

“म्हणजे सकाळी सहाला मी फोन करतो, तो तू यासाठी उचलत नाहीस?”

“हो.”

“मला वाटायचं, माझा आवाज तुला सकाळी सोसत नाही.”

“तेही असेल थोडं,” आत्या म्हणाली.

ते बाईंकडे वळले. “लिहून घ्या. आम्ही दोघं सकाळी बोलत नाही.”

बाईंचं पेन थांबलं. “अहो, लग्न व्हायचंय ना अजून? आणि आतापासूनच बोलत नाही? मग खाटा वेगवेगळ्या लिहू?”

आत्याला हसून हसून ठसका लागला. मी मान वर करीना. शेवटी त्यांनीच खुलासा केला, तर बाई म्हणाल्या, “मग सोन्याहून पिवळं! पहाटे पाखरं दाखवायला नेतात, तेव्हा उजाडेपर्यंत चकार शब्द काढू देत नाहीत. मागे एक नवरोबा ‘ते बघ!’ म्हणून ओरडले आणि अख्खा थवा उडाला. बायको परत येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. ताई, तुमचं जमेल. पण ह्यांचं?”

आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“पण दिव्याचं काय?” मी हळूच विचारलं.

“आई काय म्हणाल्या होत्या? दिवा की उजेड?” त्यांनी विचारलं.

मी थबकले. लहानपणी आम्ही राहायचो त्या खोलीत दुपारपर्यंत ऊन येत नसे, म्हणून दिवा आला होता. आईचा शब्द उजेडच होता. एरवी इतकं बोलणाऱ्या माणसाने तो नेमका ऐकला होता.

“उद्यापासून सराव करू,” ते म्हणाले. “पहाटे तळ्याकाठी फिरू. सूर्य वर येईपर्यंत मी ब्र काढणार नाही. वचन.”

“सेल काढून ठेव, रेडिओ,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर सवयीने काडेपेटी हातात घेतली. मग देवापुढेच ठेवून दिली, हात जोडले आणि खिडकीतून डोकावले. ते फाटकाशी उभे होते. दूधवाल्याने त्यांना काहीतरी विचारलं, तर दोन्ही हातांनी तोंड दाबून त्यांनी नुसती मान हलवली.

मी चपला हातात घेतल्या, आत्या जागी होऊ नये म्हणून कडी हळूच काढली आणि अंधारातच जिना उतरू लागले.