मुळीच घाई नाही

दहा वाजून दहा मिनिटांनी घरदलालाच्या कचेरीतल्या मुलीचा फोन आला. आवाज मधाळ. "मिसेस पॅरी, कळवायला वाईट वाटतंय, पण डॅमसन कॉटेज दुसऱ्या कुणाला चाललंय. बर्मिंगहॅमचं तरुण जोडपं आहे. आज बारा वाजता करारांची अदलाबदल, की व्यवहार पक्का."

"हो का? छान झालं. त्यांना आमच्या शुभेच्छा सांगा," मी म्हणाले, आणि फोन ठेवून टेबलावर अशी मूठ आपटली की बशीतला टोस्ट खाली पडला. अंगाची लाही लाही होत असताना शुभेच्छा देणारी ही जीभ मला आईकडून मिळाली आहे.

खिडकीतून डेरिक दिसत होता. माझा नवरा. मागच्या वाफ्यात घेवड्याच्या शेंगा तोडत होता, पण बघून नाही, चाचपून. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. कडेचं सगळं गेलंय, मधे किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. श्रूजबरीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वसंतापर्यंत तेही जाईल. आणि म्हणाल्या होत्या, नवीन घरात जायचंच असेल तर आत्ता जा. थोडं दिसतंय तोवर माणूस घर शिकून घेतो. नंतर शिकायला फार जड जातं.

जाणं तर भागच होतं. आम्ही बावीस वर्षं भाड्यानं राहत होतो ते घर मालकाच्या मुलाला सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हवं होतं. सप्टेंबरअखेर खाली करायचं. सहा महिने आम्ही घरं बघत होतो. दलालांची भाषा मला आता पाठ झाली आहे. 'वैशिष्ट्यपूर्ण' म्हणजे छत गळतं. 'शांत परिसर' म्हणजे बस येत नाही. एक घर तर फोटोत इतकं गोजिरवाणं होतं, आणि प्रत्यक्षात त्याच्या कुंपणाला लागून चारशे डुकरं. दुसऱ्यात दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायला तीन पायऱ्या उतरायच्या. डेरिक तिथं उभा राहून नुसता हसला आणि म्हणाला, "ग्लेनिस, इथं मी रोज चहाबरोबर खाली येईन."

पण खरी गोष्ट वेगळीच होती. डेरिकनं वेन्सकॉटमध्ये एकतीस वर्षं टपाल वाटलं. कुठलं फाटक कुरकुरतं, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं त्याच्या पायांना ठाऊक. या गावात तो आंधळा झाला तरी हिंडेल. दुसरीकडे खुर्चीत बसून राहील, आणि बसून राहिलेला डेरिक फार दिवस टिकायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि अख्ख्या वेन्सकॉटमध्ये विकाऊ घर एकच होतं. डॅमसन कॉटेज. बैठं, एकही पायरी नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही ते पाहिलं होतं. मालक मिस्टर प्रोबर्ट, चौऱ्याऐंशी वर्षांचे, बायको गेल्यापासून एकटे, आता लेकीकडे निघालेले. त्यांनी मला दारात विचारलं होतं, "तुम्हाला घाई आहे का, पोरी?" सहासष्ट वर्षांच्या मला पोरी म्हणणारा गावात तोच एक उरलाय.

आणि मी म्हणाले, "छे छे, मुळीच घाई नाही. तुमच्या सवडीनं होऊ दे."

घरी येताना डेरिकनं बजावलं होतं, "माझे डोळे मध्ये आणायचे नाहीत. मला कुणाची दया नको. घर मिळालं तर मिळालं." मागितली तेवढी किंमत आम्ही देऊ केली आणि वाट बघत बसलो. अगदी सभ्य माणसांसारखे.

आता माझ्याकडे दोन तासही नव्हते. एवढीच आशा होती की आमच्या देशात घराचा शब्द दिला, हात मिळवले, तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत त्याला कायद्यात कवडीची किंमत नसते. ऐन वेळी शब्द फिरवणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले. आज मला तेच हवं होतं. तासभर मी घरात येरझारा घातल्या. मग अंगात कोट चढवला आणि डेरिकला म्हणाले, "जरा ब्रेड घेऊन येते."

"ब्रेड आहे की घरात," तो म्हणाला. मी न ऐकल्यासारखं केलं.

मिस्टर प्रोबर्टनी दार उघडलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. "अगं ये, ये! बरी आलीस. किटली ठेवलीच आहे."

"चहा नको, मला फक्त..."

"चहा नको म्हणजे? बस तिथं."

बसले. कप आले, बशा आल्या, लेकीनं पाठवलेला फळांचा केक आला. त्याचे काप म्हाताऱ्यानं इतक्या सावकाश केले की मला सुरी हिसकावून घ्यावीशी वाटली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "यंदा पाऊस कमीच झाला."

"कमीच. दारचे डॅमसन प्लम बारीक राहिलेत."

"पण गोड असतील."

"गोड असतील."

देवा, मला उचल.

तेवढ्यात बोळातला फोन वाजला. मला ठाऊक होतं तो कुणाचा. अदलाबदलीच्या आधी वकील विकणाऱ्याचा शेवटचा होकार घेतो. म्हातारा हलला नाही.

"फोन वाजतोय," मी म्हणाले.

"वाजू दे. पाहुणा बसलेला असताना फोन घ्यायचा नाही, ही आमच्या ईडिथची शिस्त. बावन्न वर्षं पाळली, आता ती नाही म्हणून मोडू?"

फोन दम लागेपर्यंत वाजला आणि थांबला. मी केकचा तुकडा तोंडात कोंबला. आत्ता बोल, ग्लेनिस. आत्ता. पण समोरच्याच्या घरात बसून आपलं दुखणं त्याच्यापुढे मांडायचं, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवलंच नाही. केकची तारीफ करायला मात्र पाळण्यापासून शिकवतात.

"केक सुरेख झालाय," मी म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. बाराला सात कमी. तोही वाजून थांबला. मिस्टर प्रोबर्ट माझ्या कपात आणखी चहा ओतायला वाकले, आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं.

"डेरिक आंधळा होतोय!" मी ओरडलेच. "वसंतापर्यंत काही दिसायचं नाही त्याला. त्याला हे घर हवंय. आत्ता हवंय, थोडं दिसतंय तोवर. दुसरं कुठलंही नको, दुसरं चालणारच नाही. मला घाई आहे, मिस्टर प्रोबर्ट. भयंकर घाई आहे!"

चहा कपाबाहेर सांडत होता, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"त्या दिवशी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मुळीच नाही म्हणाले."

"का?"

"असं म्हणायची पद्धत आहे म्हणून."

"पद्धत!" त्यांनी किटली ठक्कन आपटली. "अगं, तू हो म्हणावंस म्हणूनच विचारलं होतं मी. ईडिथ इस्पितळात होती तेव्हा पत्रं द्यायला येणारा तुझा नवरा रोज माझी शेगडी पेटवून जायचा. कुणाला बोलला नाही कधी. घर त्यालाच द्यायचं होतं मला. तुम्ही म्हणालात घाई नाही, मला वाटलं मनात भरलं नाही, नुसतं भिडेखातर बोलताय. आणि त्या पोरांना घाई होती गं. तिला ऑक्टोबरात मूल व्हायचंय. बाग बघून रडली ती इथं."

मला यातलं एक अक्षरही ठाऊक नव्हतं. ना त्या पोरीच्या बाळाचं, ना डेरिकनं पेटवलेल्या शेगडीचं.

फोन तिसऱ्यांदा वाजला. घड्याळात तीन मिनिटं उरली होती. मिस्टर प्रोबर्ट माझ्याकडे बघत राहिले. 'राहू द्या, शब्द दिलाय ना तुम्ही, पाळा,' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. अगदी घासूनपुसून ठेवलेलं. मी ते बोलले नाही.

ते उठले, बोळात गेले.

"प्रोबर्ट बोलतोय. नाही. नाही, देत नाही... हो, बारा वाजायलाच आलेत, दिसतंय मला... माहीत आहे. नालायक म्हातारा म्हणा, काय हवं ते म्हणा."

परत येऊन त्यांनी माझा कप उचलला. "घर तुमचं. आता तू जा. त्या पोरीला मी स्वतः फोन करणार आहे, आणि ते ऐकायला मला इथं कुणी नको."

रस्त्यानं येताना मला आनंद झाला नाही. एका पोटुशीच्या तोंडचं घर मी हिसकावलं होतं. लाज वाटत होती, खरंच. पण कुणी विचारलं असतं, परत देशील का, तर नाही म्हणाले असते.

डेरिक फाटकात उभा होता. "ब्रेड कुठंय?"

"सांगितलं मी त्यांना."

त्यानं फाटकाची कडी लावली. "म्हणजे भीक मागितलीस."

"हो. मागितली."

तो आत निघून गेला. पुढचे सतरा दिवस आमचे कागद होईपर्यंत मी फोनपाशी जीव मुठीत धरून बसले, आणि हा माझ्याशी फक्त शेंगांबद्दल आणि पावसाबद्दल बोलला. शेगडीचं मी विचारलं, तर म्हणाला, "कुठली शेगडी?"

किल्ली मिळाली त्या दुपारी आम्ही दोघंच गेलो. घर रिकामं होतं, भिंतींवर तसबिरींचे चौकोन तेवढे राहिलेले. मी लगबगीनं सांगायला लागले. "हे बघ, इथून दारापर्यंत नऊ पावलं. उजवीकडे चूल. हे नीट बघून घे, डेरिक, ही कड जरा पुढे आलीय..."

"गप गं जरा," तो म्हणाला. "घर मला हातांनीही शिकता येईल." मग त्यानं मान हळूहळू फिरवत त्या किल्लीच्या भोकाएवढ्या नजरेतून खोली धुंडाळली आणि मोठ्या खिडकीकडे बोट केलं. "तू तिथं उजेडात उभी राहा. आणि बोलू नकोस. मला बघायचंय."

मी उभी राहिले. त्याला मुळीच घाई नव्हती.