काचेखाली दिवा, काचेवर पापड

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, पण माझ्यावर कधी कोणी जेवलं नाही. माझ्या पाठीवर जाड काच आहे आणि पोटात ट्यूबलाइट. दिवा लावला की एकावर एक ठेवलेल्या कागदांतली चित्रं आरपार दिसतात. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या नीळकंठने मला टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये स्वतः ठोकून बनवलं. दिवसा तो यंत्रांचे नकाशे काढायचा आणि संध्याकाळी माझ्यावर वाकून हसवणाऱ्या कार्टून फिल्मची चित्रं. एका उडीसाठी चित्रांचा ढीग लागायचा. त्यात काच कोमट झाली रे झाली की त्याची बायको शशिकला तिच्यावर पापड वाळत घालायची. माझी नुसती चिडचिड व्हायची, पण टेबलाचं ऐकतो कोण?

एके वर्षी सुरक्षा सप्ताहासाठी नीळकंठला पहिली फिल्म मिळाली. ती पडद्यावर गेली तरच पुढची मिळणार होती. गोष्ट सोपी होती. एक ढेरपोट्या फोरमन हेल्मेट घालत नाही आणि दर वेळी त्याच्या डोक्यावर काहीतरी आदळतं. मंजुरीसाठी कारखान्याचे साहेब घरी आले, चित्रं पाहिली आणि म्हणाले, "बिना हेल्मेट का आदमी नहीं दिखा सकते. गलत संदेश जाएगा."

"पर सर, मज़ाक ही वही है," नीळकंठ म्हणाला.

"मज़ाक रखिए. हेल्मेट भी पहनाइए."

कपाळावर हात मारून घ्यायचा तर मला हात कुठे? साहेब गेल्यावर नीळकंठ डोकं धरून बसला. शशिकला पापड उलटता उलटता म्हणाली, "घाला ना मग. पण सगळ्यांना घाला, कोणाला सोडू नका."

त्याने तेच केलं. फोरमनला हेल्मेट, कावळ्याला हेल्मेट, चहाच्या किटलीला हेल्मेट, भिंतीवरच्या साहेबांच्या तसबिरीलाही हेल्मेट. साहेबांना खोट काढता येईना. क्लबच्या हॉलमध्ये कामगार पोट धरून हसले. साहेबही हसले, पण आधी इकडेतिकडे बघून.

पुढे नीळकंठने पुष्कळ फिल्म केल्या, बक्षिसं मिळवली. वर्तमानपत्रात फोटो मात्र ती चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, माझा नाही! आता भोपाळमधल्याच सोनागिरी वसाहतीतल्या घरात माझी ट्यूब उडाली आहे आणि काचेवर लोणच्याच्या बरण्या आहेत. भेटायला येणारा अजूनही विचारतो, "सर, इस फिल्म में संदेश क्या था?" नीळकंठ थकून हसतो.

मित्रांनो, जमलं तर माझी काच पुसा, ट्यूब बदला. तेही राहू द्या. पण कोणी हौसेने तुम्हाला हसवायला चित्र दाखवलं, तर आधी मनापासून हसून घ्या. त्यातून काय शिकायचं, ते विचारायला साहेब आहेतच.