काजाची चीर

मी टाक्यांचा रुमाल बोलतोय. नाक पुसायचा नव्हे हं. मी सफूराची शाळा आहे.

कोकणात खाडीकाठच्या शाळेत सरोजबाई मुलींना शिवण शिकवायच्या. हातभर मांजरपाटावर एकाखाली एक टाके घालायचे. माझी वरची ओळ धावदोऱ्याची, पाचवीतली, खेकड्यासारखी वाकडी चालणारी. खाली टीप, मग साखळी टाका. तिथपर्यंत हात किती सरळ झाला ते कुणालाही दिसेल. कोपऱ्यात लाल दोऱ्याने लिहिलंय, ‘सफूरा, सातवी’. शेजारचा तपकिरी ठिपका तिचं बोट टोचलं तेव्हाचा.

सातवी संपली त्या दिवशी बाईंनी तळाशी कात्रीने चीर पाडली. म्हणाल्या, “काज आठवीत शिकवतील. तिथल्या बाईंना सांग, चीर मी पाडून दिलीय.”

आठवी खाडीपलीकडे होती, होडीने जावं लागे. सफूराचे वडील म्हणाले, “बघू.” जूनमध्ये म्हणाले, दिवाळीनंतरही तेच म्हणाले. पुढे तिने विचारायचं सोडलं. चीर तशीच राहिली.

लग्न होऊन ती सौदीत दम्मामला आली, बॅगेच्या तळाशी मी. नवरा शौकत मोबाईलच्या दुकानात. तो कामावर, लेक नूरैन शाळेत, मग घरात सफूरा आणि एसीची घरघर. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. ती मला मांडीवर घ्यायची, एकेका ओळीवरून बोट फिरवायची. वाकड्या ओळीशी आली की हसायची. चिरेशी आली की मला घडी घालून ठेवायची.

एकदा नूरैनने चिरेतून बोट घातलं. “अम्मी, इसमें होल क्यों है?”

“ती माझी आठवी आहे.”

“यू आर सो फनी, अम्मी!”

शौकत चहा पीत होता. कप खाली ठेवून त्याने चिरेकडे पाहिलं.

मग मोबाईलच्या दुकानांत सौदी मुलंच ठेवायची असा हुकूम निघाला. शौकत भरदुपारी घरी आला, चप्पलही न काढता बसला. “खलास,” म्हणाला. गोदामात काम मिळालं, पण पगार कमी, आणि बायको-मुलीच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, फी वाढलेली.

“तुम्ही दोघी गावी अब्बांकडे जा,” तो म्हणाला.

“नूरैन सातवीत आहे. तुमच्या गावात पुढे शाळा कुठाय?”

“बघू.”

सफूरा कधी उलट बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. “‘बघू’ नको. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी रत्नागिरीत खोली घेऊन राहीन, पण ती शिकेल.”

शौकतने नुसती मान हलवली. ती हो होती की काय, हे तिलाही कळलं नाही. म्हणून विमानतळावर तिने मला त्याच्या हातात दिलं. “तुमचे अब्बा काही म्हणाले तर आधी याच्याकडे बघा.”

दोघी रत्नागिरीला गेल्या, शौकत चौघांच्या खोलीत राहायला गेला. त्याने मला खाटेच्या डोक्याशी खिळ्याला अडकवलं, नेमकं चिरेतूनच. मी रोज थोडा थोडा उसवत होतो. शेजारच्या खाटेवरचा केरू वेल्डर हसला. “शौकतभाई, लोक बायकोचा फोटो लावतात, तुम्ही फडकं लावलंत!”

“राहू दे रे.”

एका शुक्रवारी गावाहून त्याच्या वडिलांचा फोन आला. “पोरगी मोठी झाली. बायकामाणसांनी रत्नागिरीत एकटं कशाला राहायचं? दोघींना इकडे पाठव. शाळेचं मागाहून ठरवू.”

शौकतचा हात नकळत माझ्याकडे आला. त्याने मला घट्ट धरलं आणि ओढलं. चर्र झालं. चीर थेट कडेपर्यंत गेली.

“नाही, अब्बा,” तो म्हणाला. “नूरैन आठवीत जाणार. दोघी तिथेच राहतील.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. शौकतने मला मांडीवर पसरलं.

केरूने वाकून पाहिलं. “फाटलं की! द्या, जोडून देतो. आपलं कामच ते.”

“नको, केरू. ती तिची आठवी आहे.”

आता मी उशीखाली असतो. इथे अंधार, तेलाचा वास, आणि वर एका माणसाचं कूस बदलणं. सफूराचं बोट किती दिवसांत लागलेलं नाही. तिच्या खोलीतही रात्री असंच शांत असेल का?

नूरैन, माझ्यावर आता काज व्हायचं नाही, कड उरलेली नाही. चालेल. तू तुझ्या कापडावर कर. ओळ वाकडी गेली तरी उसवू नकोस. आणि झालं की एकदा मला आणून दाखव.