मी उभा होतो तिथे कबरी नव्हत्या

मित्रांनो, हमरस्त्याच्या कडेला उभा राहून म्हातारा झालेला मी एक फलक आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात, एका लहानशा काउंटीत म्हणजे जिल्ह्यात माझा जन्म गेला. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून मला घडवले. माझ्या अंगावर उठावाची अक्षरे होती : 'पहिल्या रहिवाशांची दफनभूमी. येथे सतरा कबरी आहेत.' अक्षरांना सोनेरी रंग लागला तेव्हा मी अगदी फुशारून गेलो.

पण खरे सांगतो, त्यातला 'येथे' पहिल्या दिवसापासून खोटा होता. कबरी होत्या ओढ्यापलीकडच्या टेकडीवर आणि तिकडे जायला धड वाट नव्हती. मोटारी थांबतील तिथेच फलक हवा, असे मला उभारणाऱ्या समितीने ठरवले आणि मला पाव मैल अलीकडे रोवले. लोक काय ते समजून घेतील, असे कोणीतरी म्हणाले. लोकांनी काहीही समजून घेतले नाही.

आमच्याकडे मे महिन्यात सगळे जण पूर्वजांच्या कबरी साफ करतात, फुले वाहतात आणि तिथेच अंगतपंगत करून जेवतात. त्या दिवसाला 'डेकोरेशन' म्हणतात. सुरुवातीला म्हातारी माणसे ओढा ओलांडून जात. पुढे ती गेली, लाकडी साकवही वाहून गेला. मग नवी मंडळी माझ्याच पायाशी फुले ठेवू लागली. चादरी अंथरून तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव खाऊ लागली. माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागली. मला ते आवडत होते, हे कबूल करायला आज लाज वाटते.

फक्त वर्लीन स्टॅम्पर मला वळसा घालून जाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचे आयुष्य गेले होते. हातात फुलांची टोपली घेऊन ती गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाई. टेकडीवर तिचा धाकटा भाऊ होता, आठ दिवसांचा असताना गेलेला. त्याच्या उशाला शेतातला एक बिननावाचा दगड तेवढा होता.

मग रस्ता रुंद करायचे ठरले. माझ्यावरचा मजकूर वाचून नकाशात कबरी माझ्या पायाखाली दाखवल्या होत्या. त्या वाचाव्यात म्हणून रस्त्याला वळण दिले आणि ते वळण थेट टेकडीतून काढले! माझ्यामुळे ती टेकडी खणली जाणार होती. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण फलकाला तोंड असते कुठे?

वर्लीनला कळले तशी ती तरातरा आली. ब्रँट नावाचा तरुण इंजिनिअर मोजमाप करत होता. समितीचा म्हातारा हार्लन टॅकेटही तिथे होता.

"आजी, कबरी इथंच आहेत. फलकावर लिहिलंय की," ब्रँट म्हणाला.

"लिहिलंय म्हणून माझा भाऊ पाव मैल चालत आला होय रे? आठ दिवसांचं पोर ते!"

हार्लनने टोपी काढून हातात चुरगळली. "ती खरं बोलतेय पोरा. ह्या फलकाचा खड्डा मीच खणला. खाली नुसता खडक लागला होता. गाड्या थांबवायला सोय म्हणून इथं लावला."

"आणि इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून बसलास?"

"सगळे इतक्या भक्तीनं फुलं ठेवायचे, वर्लीन. सांगायला जीभ रेटेना."

तिघे टेकडीवर गेले. तिथे निळ्या फुलांची वेल दाट पसरली होती. आमच्याकडे कबरींवर तीच लावतात. ब्रँटने लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहिली. दगडांच्या रांगेत ती जागोजागी सहज आत गेली, म्हणजे तिथली माती कधीकाळी खणलेली होती. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"सतरा नाहीत आजी. एकतीस आहेत."

वळण रद्द झाले. रस्ता सरळ माझ्या जागेवरून न्यायचे ठरले आणि मला उपटले. आता भंगार, असे मी मनाशी म्हटले. पण वर्लीनने कामगारांना दम भरला, "खबरदार भंगारात टाकाल तर! खोटं तो नाही बोलला, आपण त्याच्याकडून बोलवून घेतलं."

आता मी टेकडीवर आहे. माझ्यावरचा आकडा दुरुस्त केला आहे, ओढ्यावर नवा साकव झाला आहे. एरवी इथे चिटपाखरू फिरकत नाही. हरणे मात्र माझ्या खांबाला पाठ घासून जातात. तरी मी सुखी आहे, कारण आता मी खरे बोलतो.

यंदाच्या मे महिन्यात सगळी काउंटी धापा टाकत वर आली. त्या बिननावाच्या दगडापाशी हार्लन कसाबसा गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिथे फुले ठेवली.

"नाव काय होतं गं त्याचं?" त्याने विचारले.

"लोएल," वर्लीन म्हणाली आणि रडू लागली. इतक्या वर्षांत ते नाव तिला कोणी विचारले नव्हते.

मित्रांनो, वाटेत माझ्यासारखा फलक दिसला तर जरूर थांबा, वाचा, त्याची धूळ पुसा. पण मग जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे खरेच इथे घडले का? सांगणारे आहेत तोवरच विचारा. ते गेल्यावर तुम्हाला माझ्या एकट्याच्या शब्दावर विसंबावे लागेल.